गुगल फॉर्म पाठवण्याआधी वस्तीत जाऊन ये

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली वाचली. आपल्या नागपूरच्या पांढराबोडी वस्तीतून रामनगर-धरमपेठेत धुणीभांडी आणि स्वयंपाकाला जाणाऱ्या बायकांचा विषय तू फिल्ड प्रोजेक्टसाठी घेतलास, याचा फार आनंद झाला. पण हे सगळं गुगल फॉर्मवर टाकून ग्रुपमध्ये पाठवायचं आणि आठवड्यात दोनशे उत्तरं जमवायची, हा तुझा बेत मला पटला नाही. ते फॉर्म कोण भरणार? तुझ्या मैत्रिणी, त्यांची भावंडं, फार तर घरमालकिणी. जिच्याबद्दल लिहायचं ती त्या वेळी कुणाच्या तरी मोरीत भांडी घासत असेल.

पंधरा-वीस जणींशी स्वतः बसून बोल. अहवालात मात्र ‘नागपुरातल्या घरकामगार महिला’ असं मोठं शीर्षक देऊ नकोस आणि वीस जणींवरून शहराची टक्केवारीही काढू नकोस. वीस जणींचं म्हणणं वीस जणींपुरतंच सांगायचं, पण ते असं सांगायचं की वाचणाऱ्याला त्यांचा दिवस समोर दिसला पाहिजे.

आता तुझा सातवा प्रश्न बघ: ‘आपले मासिक उत्पन्न किती?’ पुस्तकात असाच असतो, पण वस्तीत तो टिकत नाही. या बायकांचा हिशेब महिन्याचा नसतो, घराचा आणि कामाचा असतो. भांड्यांचे वेगळे, झाडूपोछाचे वेगळे, कपड्यांचे वेगळे. कुठे घरातल्या माणसांवर दर ठरतो. खाडे झाले की कुणी पैसे कापतं, कुणी कापत नाही. लेकीच्या फीसाठी उचल घेतलेली असते आणि ती महिन्यामहिन्याला वळती होत असते. एवढं सगळं तुझ्या एका प्रश्नात तिने मनात बेरीज करून सांगावं, ही अपेक्षाच चुकीची. त्याऐवजी घराघराने विचार. सकाळी पहिलं घर कोणतं, तिथे काय काय करता, त्याचे किती मिळतात, मागच्या महिन्यात किती खाडे झाले. बेरीज तू घरी येऊन कर.

मागे मी एका मुलीबरोबर अशाच एका मुलाखतीला बसले होते. बाई म्हणाल्या, चार घरं आहेत. शेजारीण दारातूनच बोलली, “पाच नाही का वं? ते शंकरनगरची म्हातारी?” त्यावर या म्हणाल्या, “ते काम थोडीच हाय जी, तिथं त मी अशीच जातो.” अशीच म्हणजे रोज दुपारी तासभर, म्हातारीला उठवून बसवायचं, जेवू घालायचं, औषध द्यायचं. बदल्यात उरलेली भाजी आणि सणाला एक लुगडं. प्रश्नावलीच्या कोणत्याही रकान्यात हा तास आला नसता, कारण ज्यांनी तो दिला त्याच त्याला काम म्हणत नव्हत्या.

असे तास पकडण्याची एक पद्धत सरकारी पाहणीतच आहे. 2019 साली आपल्याकडे देशभरात पहिल्यांदा वेळेच्या वापराची पाहणी झाली. त्यात ‘काम करता का?’ एवढ्यावर न थांबता, आदल्या पहाटे 4 पासून पुढचे 24 तास अर्ध्या-अर्ध्या तासाने काय काय केलं, ते विचारलं. तूही ‘रोज काय करता’ असं विचारू नकोस, ‘काल काय केलं’ असं विचार. ‘रोज’ म्हटलं की माणूस ठोकळ सांगतो. ‘काल’ म्हटलं की नळाला पाणी उशिरा आलं, म्हणून पहिल्या घरी पोचायला वेळ झाला आणि बोलणी खावी लागली, हेही येतं.

तू वहीपेन घेऊन वस्तीत शिरलीस की तुला आधी कोण समजतील, याचाही विचार करून जा. कुणाला वाटेल झोपडीच्या जागेच्या मालकी पट्ट्यांचं सर्वेक्षण आलं, कुणाला वाटेल लाडकी बहीणची चौकशी. 2024 साली सुरू झालेल्या त्या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला अडीच लाखांची मर्यादा आहे. अशा वेळी अनोळखी मुलीने कमाई विचारली, तर बाई हात आखडूनच सांगणार, आणि त्यात तिचा काही दोष नाही. म्हणून पहिल्या भेटीत पैशांचा विषयच काढू नकोस. कॉलेजचं पत्र दाखव, शिकायला आले म्हणून सांग. माझ्या हातात कुठली योजना नाही, नाव लावून देता येणार नाही, हे स्वच्छ सांग. “पाहते काहीतरी” असं अर्धवट आश्वासन तर मुळीच देऊ नकोस. बोलायचं नसेल तर नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, हे आधीच बोलून दाखव. मोबाइलवर रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय करायचं नाही.

मालकिणीच्या घरी मुलाखत कधीच घ्यायची नाही. आणि नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘अमुक गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्वयंपाक करणारी’ असं लिहिलंस तर अर्ध्या धरमपेठेला ती कोण ते कळेल. तिचं काम जाईल आणि तुला क्रेडिट मिळतील.

वेळेचं म्हणशील तर दुपारी दोननंतर, सकाळची घरं उरकून त्या परततात तेव्हा. दिवाळी झाल्यावर सुरू केलंस तर ऊनही सोसवेल. उन्हाळ्यावर ढकलू नकोस.

टिपा मात्र त्याच संध्याकाळी लिहून काढायच्या, दुसऱ्या दिवसावर टाकायच्या नाहीत. बाई ‘मी जातो’ म्हणाल्या असतील तर ‘मी जाते’ असं सुधारून लिहू नकोस. सासू येऊन बसल्यावर बोलणं कुठे थांबलं, कोणत्या प्रश्नाला त्या हसल्या, कोणता प्रश्न टाळला, तेही लिही. तुझं मत वहीच्या डाव्या पानावर आणि त्यांचं बोलणं उजव्या पानावर, म्हणजे दोन्हींची सरमिसळ होणार नाही.

थोडं वाचनही हवं. आपल्या राज्यात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याची मूळ प्रत वाच आणि तुझ्या बायकांपैकी किती जणींना नोंदणीबद्दल ठाऊक आहे ते विचार. रूपाताई कुलकर्णी-बोधी यांनी उभी केलेली विदर्भ मोलकरीण संघटना आपल्याच शहरातली. तिथल्या जुन्या कार्यकर्त्या भेटल्या तर प्रश्न न विचारता आधी नुसतं ऐक. ज्यांनी या बायकांना संघटित केलं त्यांना कोणता प्रश्न कुठे दुखतो ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

अहवाल झाल्यावर कॉलेजात जमा करण्याआधी एकदा वस्तीत जा आणि काय लिहिलं ते त्यांना सोप्या बोलीत वाचून दाखव. “हे चुकीचं लिहिलं जी” असं कुणी म्हणालं तर तेही अहवालात घाल.

पहिल्या तीन-चार मुलाखती झाल्या की वही घेऊन माझ्याकडे ये. टाइप करू नकोस, खाडाखोड असलेलीच आण. मग तुझी प्रश्नावली आपण दोघी बसून नव्याने करू.

तुझी,
मॅडम
नागपूर