नवोदयच्या तयारीला लागलेल्या बाईंना

प्रिय बाई,

शाळेत आता तू सगळ्यांची बाई झालीस, पण मी अगं-तुगंच करणार. पाचवीचा वर्ग हातात आला आणि पहिल्याच आठवड्यात 'यंदा नवोदयला दोन तरी लागले पाहिजेत' असं फर्मान निघालं, हे तुझ्या पत्रात वाचून हसू आलं. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावीचा प्रवेश परीक्षेतून. आता चार हुशार पोरं बाजूला काढून त्यांचेच जादा तास घे, असा सल्लाही कुणीतरी देईल. तो ऐकू नकोस.

हिशेब बघ. एका नवोदय विद्यालयात सहावीला फार तर ८० जागा, त्याही अख्ख्या जिल्ह्यासाठी. तुझ्या वर्गातल्या बहुतेकांचं नाव यादीत नसणार, हे आजच धरून चाल. त्यांच्यापाशी परीक्षेनंतर काय उरेल, यावरून तयारी ठरव. अपूर्णांक-दशांश पक्के झाले आणि उतारा वाचून उत्तर शोधता आलं, तर ते पुढे कुठल्याही शाळेत कामाला येतं. म्हणून या दोन गोष्टी सगळ्या वर्गाला, शाळेच्या वेळातच शिकव. जादा तास ठेव तो आकृत्यांसाठी, आणि बसेल त्याला बसू दे.

परीक्षेतल्या ८० प्रश्नांपैकी ४० बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्यांचे; १०० पैकी ५० गुण तिथेच. पण घडी घालून भोक पाडलेल्या कागदाचा प्रश्न फळ्यावर समजावत बसू नकोस. जुन्या वहीचं पान दे, चौघडी घालायला लाव, पेन्सिलीच्या टोकानं कोपऱ्याशी भोक पाडू दे. उलगडायच्या आधी भोकं किती नि कुठे कुठे दिसतील, ते वहीत काढायला सांग. मग उलगडा म्हणावं. ज्याचं चुकेल तो कागद उलटासुलटा करून बघत बसेल, त्याला बघू दे. आरशातल्या प्रतिमेसाठी खराखुरा आरसा आण. दिवाळीनंतर मात्र हे सगळं कपाटात टाक, परीक्षेत हाती फक्त पेन असतं.

गणितात उत्तर चुकलं की लगेच रीत सांगायची घाई करू नकोस. 'कसं केलंस?' एवढंच विचार. ०.५ पेक्षा ०.२५ मोठं म्हणणारं पोर दर वर्षी भेटतं. पाचापेक्षा पंचवीस मोठे, त्याच्या परीनं ते बरोबरच आहे! त्याला दहा सराव प्रश्नपत्रिका दिल्यास तर ते दहाही वेळा तसंच सोडवेल. अर्धा लिटर आणि पाव लिटरचं माप समोर ठेव, पाण्यानं भरायला लाव, आणि मग दोन्ही आकडे दशांशात लिहून घे. सराव पेपरांचा ढीग लावणाऱ्यांवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी.

ओएमआर शीटचा, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेचा, सराव थोडा, पण न चुकता. सतरावा प्रश्न सोडला आणि अठराव्याचं उत्तर सतराव्याच्या ओळीत रंगवलं, की तिथून पुढचं सगळं घसरतं. त्यात खाडाखोड चालत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटी एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, हेही सांगून ठेव.

पालकांशी फॉर्म भरायच्या आधी बोल. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. लेकरू सहावीपासून वसतिगृहात राहणार, आणि नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. निकालानंतर हे कळलं, की घरात रडारड होते. तयारीसाठी पोराचं नाव शहरातल्या शाळेत घालायचा विचार कुणी करत असेल, तर त्याला वेळीच थांबव. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, आणि तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला, तरी ते मूल शहरी धरलं जातं.

सगळ्यात आधी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी कर. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण शिकलेली असावी लागतात, आणि हंगामात पोर आईबापाबरोबर कारखान्यावर गेलं की तिथेच घोडं अडतं. आजीपाशी राहता येईल का, गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, ते कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, गावाबाहेर पडायच्या आत विचारून घे. संध्याकाळी जा, दिवसा घरात कुणी सापडत नाही.

तुझे,
गुरुजी