शिवकाळात राज्याच्या धोरणामुळे स्थानिक बाजार खरंच बदलायचा का?

हो, आणि सगळ्यात चांगलं उदाहरण मिठाचं. बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त, संगमेश्वरचं महाग. मग व्यापारी बारदेशलाच जाणार! १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलं की, बारदेशच्या मिठावर एवढी जकात बसवा की ते संगमेश्वरपेक्षा महाग पडेल. मिठागरं आपली, जकातही आपली.

आम्हा कोल्हापूरकरांना हे पटकन कळतं. मीठ आणि नारळ कोकणातून बैलांच्या पाठीवरून घाट चढायचे, त्यामुळे घाटातल्या जकातीच्या चौकीवर इथला भाव हलायचा. गुळाची शाहूपुरी पेठ मात्र पुष्कळ नंतरची, १८९५ची; तीही शाहू महाराजांनी वसवलेली, आपोआप उगवलेली नव्हे.