मूल रडत नाही, बोलत नाही

“घरात मृत्यू झाला, पण पोर रडलं नाही, गेलेल्याचं नावही काढत नाही. दुःख आत साठून राहिलं तर?” ही काळजी घेऊन पालक माझ्याकडे नेहमी येतात. मध्यंतरी तीच काळजी अमेरिकेतल्या ॲरिझोनातून आली. विचारणाऱ्या बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, नावाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या वस्तीतल्या शाळेत शिक्षिका. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वर्गातल्या एका मुलाचे आजोबा वारले. तो शाळेत आला तेव्हा बाईंनी त्याला जवळ बसवलं, आजोबांचं नाव घेतलं आणि आठवणी सांगायला सांगितलं. तो मान खाली घालून गप्प. संध्याकाळी आईचा निरोप आला: पुन्हा असं करू नका. “ताई, मी तर मायेनेच केलं हो,” बाई म्हणाल्या.

माया खरीच होती. पण परंपरा पाळणाऱ्या नावाहो घरांत मेलेल्याचं नाव घेत नाहीत. माणसात जे बिघडलेलं, विसंवादी असतं ते त्याच्यामागे उरतं, अशी समजूत आहे. त्याला ‘चिंडी’ म्हणतात. नाव घेतल्याने ते ओढवतं आणि जिवंत माणूस आजारी पडतो. म्हणून दफन मोजकीच माणसं करत, परतताना मागे वळून पाहत नसत, मग अंग शुद्ध करून घेत. त्यांच्या होगन नावाच्या घराचं दार पूर्वेला असतं. तिथे कोणी मेलं तर उत्तरेची भिंत फोडून मृतदेह बाहेर काढत आणि ते घर कायमचं सोडत. शोक चार दिवसांचा. पिकल्या वयात शांतपणे गेलेल्याची मात्र चिंडी उरत नाही, असंही मानतात.

1993 मध्ये या भागात हंटा विषाणूची साथ आली. पत्रकारांनी ऐन शोकाच्या दिवसांत मृतांची नावं आणि फोटो प्रसिद्ध केले. घरच्यांना ते फार लागलं. मला त्यांचा राग अगदी रास्त वाटतो.

आपल्याकडे सुतक पाळतात, पण फोटोला हार घालून नावही घेतात. त्यामुळे न बोलणं म्हणजे दाबून टाकणं, असं आपल्याला चटकन वाटतं. मी बाईंना म्हटलं, त्याचे अश्रू शोधू नका, त्याचा दिवस पाहा. डबा खातो का? मित्रांत खेळतो का? झोप लागते का, हे आईला विचारा. सगळीच नावाहो घरं सारखी नसतात. काही ख्रिस्ती आहेत, काही दोन्ही पाळतात. तेव्हा पुढचं आईलाच विचारून ठरवा. मूल आठवडेच्या आठवडे खात-झोपत नसेल, एकटं पडत असेल, तर मदत हवीच. तीही घरच्यांमार्फत, आणि त्यांना हवा असेल तर त्यांचा विधी करणारा वैदूही.

बाई आईला भेटल्या, माफी मागितली, काय करू म्हणून विचारलं. “गणित मागे पडलंय, तेवढं करून घ्या,” आई म्हणाली. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून ते सुरू केलं.