ट्रेलरच्या टायरमध्ये हवा किती भरावी?

प्रश्न : आमच्याकडे गाडीमागे जोडून नेण्याचा, दोघांना झोपता येईल असा एक छोटा ट्रेलर आहे. त्याला एकच आस आणि दोन चाके आहेत. टायरवर ‘एसटी २०५/७५ आर १५’ आणि कमाल दाब ६५ पौंड असे छापलेले आहे. डिसेंबरात नाशिकला निघताना पेट्रोल पंपावरच्या मुलाने गाडीबरोबर ट्रेलरच्या चाकांतही ३५ पौंड हवा भरली. कसारा घाट चढून इगतपुरीला थांबलो, तेव्हा डावा टायर हात ठेववणार नाही इतका तापला होता. पुढच्या खेपेस सकाळी घरीच ६५ पौंड भरून निघालो, तर त्याच ठिकाणी गेजवर ७३ दिसले आणि सोबतचा मित्र म्हणाला, ‘थोडी हवा सोडून दे, नाहीतर फुटेल.’ नेमके काय करावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मित्राचे ऐकून आपण हवा सोडली नसेल, अशी आशा आहे. टायरवर छापलेला दाब हा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर, शक्यतो सकाळी ऊन लागण्यापूर्वी मोजलेला. धावताना आतली हवा तापते आणि दाब दहा ते पंधरा टक्क्यांनी वाढतो. टायर बनवताना ही वाढ गृहीत धरलेली असते, त्यामुळे ६५ चे ७३ होणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तापलेल्या टायरमधून हवा सोडून काटा ६५ वर आणला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या थंडीत तोच टायर ५७-५८ वर आला असता आणि परतीच्या प्रवासात अधिकच तापला असता.

खरा धोका पहिल्या खेपेत होता. वजन पेलते ती आत कोंडलेली हवा. रबर आणि तारा तिला धरून ठेवतात. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतात व सुटतात, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि अखेर थर सुटून टायर फुटतो. गाडीच्या चाकात हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड लागते. मागच्या ट्रेलरचे मात्र चालकाच्या हाताला काहीच कळत नाही.

‘एसटी’ या अक्षरांचा आपल्या लाल गाडीशी संबंध नाही; हा टायर खास ट्रेलरसाठी बनवला आहे, एवढाच त्यांचा अर्थ. कोणत्या दाबावर टायर किती वजन पेलतो, हे सांगणाऱ्या कोष्टकानुसार आपल्या मापाचा टायर ६५ पौंडांवर ९७५ किलो, ५० पौंडांवर ८२५ किलो आणि ३५ पौंडांवर केवळ ६७० किलोंच्या आसपास वजन पेलतो. समजा, सामानासह ट्रेलर १,५०० किलोंचा आहे आणि त्यातले १५० किलो गाडीच्या हुकावर येतात. उरलेल्या १,३५० किलोंचे दोन समान भाग केले तर प्रत्येक चाकावर ६७५ किलो येतात. पण तसे समान भाग प्रत्यक्षात कधी पडत नाहीत. ओटा, गॅसची टाकी आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असेल तर त्या चाकावर सहज ७२० किलो येतात. आपला डावाच टायर का तापला, याचे उत्तर बहुधा इथेच सापडेल. पाण्याची टाकी भरून आणि सगळे सामान लादून ट्रेलर एकदा वजनकाट्यावर न्यावा व दोन्ही चाकांचे वजन वेगवेगळे घ्यावे. दोन्ही टायरमध्ये जड बाजूला लागेल तेवढीच, सारखी हवा ठेवावी.

ट्रेलरवर उत्पादकाने लावलेली माहितीपट्टी असल्यास तिच्यावरचा दाब पाळावा. ती नसेल तर आमच्या मते ६५ च ठेवावेत. कोष्टकाच्या हिशेबाने ७२० किलोंना ४० पौंडही पुरतात, पण मग खड्डे, वळणे आणि ऐनवेळी भरलेले जास्तीचे सामान यांसाठी काहीच राखीव उरत नाही. पूर्ण दाबावर ट्रेलर थोडा उसळतो, ते सोसावे. मात्र रिम आणि व्हॉल्व्ह त्या दाबाचे आहेत ना, हे आधी पाहावे. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पौंडांपर्यंतचेच असतात, त्यापुढे धातूचे लागतात.

राहिला प्रश्न पंपाचा. तिथे पोहोचेपर्यंत टायर कोमट झालेलाच असतो. म्हणून सकाळी स्वतःच्या गेजने घरीच दाब मोजावा. तो ५८ भरला तर तूट ७ ची आहे. पंपावर तोच टायर ६२ दाखवू लागला असेल, तर तिथे ६९ पर्यंत भरावा. ‘किती टाकू?’ असे विचारणाऱ्या मुलाला आकडा आपणच सांगावा, आणि गाडीचे काम आटोपून तो ट्रेलरकडे वळला की यंत्रावरचा आकडा बदलला आहे, याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : पावसाळ्याचे चार महिने आमचा ट्रेलर सोसायटीच्या आवारात उभा असतो. तेवढ्या काळात हवा कमी केलेली बरी का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : अजिबात नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा आपोआप जाते. नायट्रोजन भरला तरी मोजण्यातून सुटका नसते. उभा करताना दाब पूर्ण ठेवावा, चाकांखाली सपाट फळ्या घालाव्यात, टायर झाकावेत आणि महिन्यातून एकदा ट्रेलर थोडा पुढेमागे सरकवावा, म्हणजे वजन टायरच्या एकाच जागी राहत नाही. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षे उलटली असतील आणि बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी कितीही खोल दिसली तरी टायर बदलावा. स्टेपनीवरचे आकडेही त्याच वेळी पाहून घ्यावेत.