कार्यालयाला चित्रं ‘तात्पुरती’ देण्याबद्दल

भाऊ, तुम्ही अमळनेरकडे शाळेत चित्रकला शिकवता, सुट्टीत तापीकाठी बसून जलरंगात निसर्गचित्रं करता, आणि आता एका कार्यालयाने सभागृहासाठी आठ चित्रं ‘तात्पुरती’ मागितली आहेत. द्यावीत का, हा तुमचा प्रश्न वाचून जुनी जखम उघडली.



मीही एका कार्यालयाला अशीच अकरा दिली होती. तोरणमाळचा यशवंत तलाव, पाटणादेवीचं जंगल, रावेरकडच्या केळीबागांमागचा निळा सातपुडा. चार उन्हाळी सुट्ट्या त्यात गेल्या. साहेब हौशी, चहा पाजला, शिपायाने चित्रं उतरवून घेतली. पोच मागायचा मला संकोच वाटला. तीच माझी घोडचूक. साहेबांची बदली झाली आणि लिपिकाने डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कार्यालयातल्या वस्तूंची नोंदवही, पुढे केलं : नोंद नाही, म्हणजे चित्रं आलीच नाहीत. दीड वर्ष खेटे घातले. माझे अर्जसुद्धा ‘सापडत नव्हते’. शेवटी त्याच शिपायाने जिन्याखालची खोली उघडून दिली. सात मिळाली, बुरशीचे डाग पडलेली, दोनांना वाळवी. केळीबागेची चारही गेली, आणि त्या मळ्यात आता प्लॉट पडलेत. पुन्हा काढणार काय? शिकवणाऱ्याच्या कामाला किंमत नसते असं धरूनच ही मंडळी वागतात, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : शिक्क्याची पोच, प्रत्येक चित्राचं नाव, माप, किंमत आणि परतीची तारीख कागदावर नसेल तर देऊ नका. आधी प्रत्येकाचा फोटो काढा. मी वकील नाही, जाणकाराला विचाराच. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ चित्र दुसऱ्याकडे गेलं म्हणून हक्क जात नाही, हस्तांतर लेखीच लागतं. मात्र त्यांनी सांगून, पैसे देऊन तुमच्याकडून रंगवून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, त्यांचा ठरतो. तेव्हा मानधन देतो म्हणाले तर आधी करार वाचा.

जाता जाता, मेमध्ये आपल्याकडे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पसरायच्या आत वाळतो. पाण्यात ग्लिसरीनचे दोनच थेंब टाका, जास्त झालं तर कागद चिकट राहतो. आणि चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन पाहिलं नसेल तर मुलांना घेऊन एकदा जाच.

पोचपत्राचा मसुदा हवा असेल तर सांगा, मी आता कायम तोच वापरतो.