विमानात मागच्या सीटवरचं मूल सतत रडत असेल किंवा लाथा मारत असेल तर काय करावं?

आधी बघा, मूल रडतंय की मस्ती करतंय.

विमान उतरू लागल्यावर तान्हं बाळ किंचाळतं ते बहुतेक वेळा कान दुखतात म्हणून. घसा आणि मधला कान जोडणारी नळी बाळांमध्ये अरुंद आणि बरीचशी आडवी असते. केबिनमधला दाब वाढतो तशी कानात हवा चटकन पोचत नाही आणि पडदा आत ओढला जातो. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. बाळाला ते सुचत नाही. त्याच्या आईकडे रागाने बघून काय होणार? पालकांनी उतरण सुरू झाली की, म्हणजे विमान जमिनीवर टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीपासून, बाळाला जागं ठेवून दूध पाजावं. मोठ्या मुलाला घोटघोट पाणी द्यावं. गिळताना ती नळी उघडते.

लाथांचं वेगळं. लहान मुलाचे पाय खाली टेकतच नाहीत, ते सरळ समोरच्या सीटला लागतात. आपण कुणाला त्रास देतोय हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून आधी मागे वळून त्यालाच सांगा, "तुझा पाय लागला की माझी सीट हलते रे." मुलं कधीकधी अनोळखी माणसाचं पटकन ऐकतात. नाहीच ऐकलं तर पालकांशी बोला, आणि तेही लक्ष देत नसतील तर बटण दाबून केबिन क्रूला बोलवा. रिकामी जागा असेल तर ते बदलूनही देतात. मुलावर ओरडू नका, त्याचा व्हिडिओ तर मुळीच काढू नका.