रविवारचा फोन आणि मागची रिकामी खुर्ची

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षं इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये, बाबा गेल्या पावसाळ्यात गेले, आई कराडला एकटी. दर रविवारी सकाळी अकराला फोन, म्हणजे उन्हाळ्यात तिकडे दुपारचे साडेतीन, चहाची वेळ. आई फोन असा धरते की तिचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. हात जरा हलला की मागे बाबांची खुर्ची. ती दिसायला नको म्हणून हल्ली तुम्ही व्हिडिओ बंद ठेवता, पाच मिनिटांत आटोपता, आणि मग दिवसभर ‘मी स्वार्थी आहे’ हे डोक्यात घोळत राहतं. ही अपराधी भावना घालवू कशी, असं विचारलंत.

खरं सांगू? ती घालवायच्या खटपटीतच आई तुमच्यापासून लांब चालली आहे. तुम्ही वाईट आहात असं मला मुळीच म्हणायचं नाही. दुखतं ते टाळायचं, हा मनाचा स्वभावच आहे. पण १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि विचार आला की घंटी वाजवायला लावली. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर मोकळीक दिल्यावर तर अस्वल अधिकच आलं.

याच धाग्यावर स्टीव्हन हेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काम केलं. स्वतःच्या पॅनिक अटॅकशी, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याशी झगडताना, जितकं लढावं तितका तो वाढतो हे त्यांनी अंगावर अनुभवलं होतं. त्यांनी सहकाऱ्यांसोबत जी उपचारपद्धती उभी केली ती ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी (स्वीकार आणि बांधिलकी यांवर उभी), थोडक्यात ‘ॲक्ट’. नकोशी भावना सोबत असतानाही आपल्याला मोलाचं वाटतं ते करता येणं, याला तिथे मानसिक लवचिकता म्हणतात. स्वीकार म्हणजे कपाळाला हात लावून बसणं नव्हे. आईला एकटं राहू द्या, असंही मी सांगत नाही. परत जायचं की आईला काही महिने इकडे आणायचं, हे प्रश्न सोडवायचे आहेतच. पण अपराधीपणाने पिंजलेलं मन ते नीट सोडवत नाही.

आता एक करून बघा. ‘मी स्वार्थी आहे’ असं वाटेल तेव्हा मनात म्हणा, ‘मी स्वार्थी आहे असा विचार मला आत्ता येतोय.’ वाक्य तेच, पण तुमच्यात आणि त्याच्यात बोटभर अंतर पडतं. किंवा नुसतं ‘स्वार्थी, स्वार्थी, स्वार्थी’ असं अर्धा मिनिट भराभर म्हणा. हळूहळू शब्द विरघळतो, उरतो तो नुसता आवाज. वेडेपणा वाटेल, पण हा ॲक्टमधला नेहमीचा सराव आहे. विचार खोटा ठरवायचा नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही. आणि हेही लक्षात घ्या, आईवर जीव नसता तर हे दुखलंच नसतं.

मग विचारा, मला कशी मुलगी व्हायचंय? पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘तिच्या रोजच्या गोष्टींत असावंसं वाटतं.’ ती तुमची दिशा. मिक्सर आणि औषधं पाठवणं ठीक आहे, पण त्या दिशेला जाणारं पाऊल अगदी लहान असू शकतं. बुधवारी कणीक मळताना दहा मिनिटं फोन, गोडा मसाल्याचं प्रमाण विचारायला. धाकट्या लेकीलाही शेजारी उभं करा. बाथरूमचं दार लावून तुम्ही रडता हे तिला कळतं. आजीची आठवण येते म्हणून रडू येतं, हे तिला सांगितलंत तरी चालेल.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर एवढ्यावर थांबू नका. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीज या सरकारी समुपदेशन सेवेकडे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. दुभाषाही मागता येतो. जगणं नकोसं वाटलं तर लगेच १११ ला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडा. आईसाठी भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

या रविवारी व्हिडिओ सुरू ठेवा. खुर्ची दिसेल, घसा दाटेल. दाटू द्या, फोन ठेवू नका. वाटलं तर आईला विचारा, ‘बाबांच्या खुर्चीत हल्ली कोण बसतं गं?’ कदाचित तीही कधीपासून कुणीतरी विचारायची वाट पाहत असेल.